डावीकडचं पुढचं दार

कव्हेंट्री
सोमवार, ११ मे १९९८

प्रिय रॉय,

तुझं कार्ड पोचलं. बाबा बरे आहेत. खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात. वॉकर धरून ते न्हाणीघरापर्यंत एकटे जातात. जिना अजून नाही. सकाळी ग्लेनिसबाई येतात, त्यांना आंघोळ घालतात, दाढी करून देतात आणि दुपारी जातात. परसात आंबट देठांचा रुबार्ब भरपूर आला आहे. मला तो आवडत नाही, ग्लेनिसबाई घेऊन जातात. इथे आठवडाभर पाऊस नाही.

तू कार्डावर तीन ओळी लिहिल्यास. वर्कशॉप बंद करतो आहे, हत्यारं शनिवारी २३ तारखेला विकायची आहेत, बाबांचे हातोडे हवे असतील तर आधी कळव. कारण लिहिलं नाहीस आणि मला ते विचारावंही लागलं नाही. जानेवारीत बाबा चालत्या गाडीतून पडले ते डावीकडच्या पुढच्या दारातून, आणि ते दार दोन वर्षांपूर्वी तू बसवलं होतंस.

हातोडे मला नकोत.

गेले तीन शनिवार मी त्याच दारावर काम करते आहे. काय केलं ते लिहिते, तुला वाचायचं नसलं तरी. जुनं कुलूप काढलं नाही. त्याच्या खाली, हातभर अंतरावर, दुसरं बसवलं: दारामागच्या उभ्या खांबावर जाड खुंटी आणि दारात तिला दोन बाजूंनी धरणारा फिरता जबडा. मूळ कुलूप दार फक्त बाहेर जाण्यापासून अडवतं. दाराची चौकट पिळली गेली तर ते सुटू शकतं. नवं सुटत नाही. खांब आतून पोकळ आहे हे तुला माहीतच आहे, म्हणून मागे तीन मिलिमीटरची पट्टी वेल्ड केली. सीटबेल्टच्या पट्ट्यासाठी गाडीच्या तळात आणि खांबात जागा केली. छप्पन सालच्या गाडीला कायद्यानं पट्टा लागत नाही, तरी केली. नव्या कुलपाची वायर, सायकलच्या ब्रेकला असते तशी, गालिच्याखालून चालकाच्या सीटशी आणली आहे, ती ओढल्याशिवाय ते आतून उघडत नाही. बाहेरचं हँडल दोन्ही कुलपं उघडतं, कारण अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला दार उघडता आलं पाहिजे. आतलं हँडल मी तोडलं आहे. म्हणजे जागेवर आहे, फिरतंही, पण कशालाच जोडलेलं नाही.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार, वर आजची तारीख घालून पुढे लिहिते.

आतलं हँडल का तोडलं, असं तू विचारशील. तुझ्यासारख्या माणसाला ते लगेच खटकेल. जुनं कुलूप नीट बसत नसेल तर नवं बसवलं की काम झालं. हँडलाचा त्याच्याशी काय संबंध?

नोव्हेंबरात एका रविवारी केनिलवर्थ रोडच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. हिरवा दिवा लागला, मी गाडी काढली आणि बाबांनी हँडल ओढून दार चार बोटं उघडलं, पुन्हा आपटलं.

"बाबा, काय करताय?"

"काय करतोय म्हणजे? दार बघतोय. दुसरा खटका पडला पाहिजे."

"अहो, गाडी चालू आहे!"

"चालूच असणार. उभ्या गाडीत काय डोंबल कळतंय? नवी दिसतेस तू." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "बायकांना लाइनवर कधीपासून घ्यायला लागले?"

मी हसले.

तुला त्यांचं काम माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सव्वीस वर्षं दारं बसवली आणि गाडी तयार झाली की ती तपासणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून कारखान्याच्या आवारात चक्कर मारली. चालत्या गाडीत दार किंचित उघडायचं, आपटायचं, ऐकायचं. ही आपली हिरवी गाडीही त्यांच्याच हाताखालून गेलेली असू शकते. ते काही वेड्यासारखं करत नव्हते. ते कामावर होते.

डिसेंबरात त्यांनी पुन्हा तेच केलं. मी ओरडले. "बरं बाईसाहेब," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी तुला कळवलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही. घरात ते दिवसभरात चार शब्द बोलतात, तेही चहाबद्दल. गाडीत बसले की बोलतात: आईबद्दल, तुझ्या पहिल्या सायकलबद्दल, युनियनच्या भांडणांबद्दल. तुला कळवलं असतं तर तू रविवारची फेरी बंद कर म्हणाला असतास, आणि ते बरोबर ठरलं असतं. हँडल तोडायला मला एक तास लागला. तो तास मी डिसेंबरात काढला नाही.

१८ जानेवारीला दार आपोआप उघडलं नाही, रॉय. त्यांनी उघडलं. स्टोनलीच्या अलीकडचं उजवं वळण, वेग ताशी तीस मैलांच्या आसपास. मी ब्रेक मारला तेव्हा ते गाडीत नव्हते.

हॉस्पिटलातून मी तुला फोन केला. तू आधी विचारलंस, "जिवंत आहेत ना?" आणि मग, "कुठलं दार?" मी सांगितलं. मग म्हणालास, "खांबावरची, कुलूप अडकतं ती पट्टी सरकली असेल का गं?"

मी म्हणाले, "असेल."

माझ्या हाताखालच्या कुणी अहवालात 'असेल' लिहिलं तर मी कागद परत करते. ऑफिसात आम्ही गाड्यांच्या दारांचं एकेक कुलूप हजारो वेळा उघडझाप करून मगच त्याच्याबद्दल वाक्य लिहितो. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन पट्टी मोजली. ती हलली नव्हती. स्क्रूंच्या डोक्यांवरून तू ओढलेली पांढऱ्या रंगाची रेघ चारही ठिकाणी सरळ होती. हे मोजून झाल्यावर, त्याच आठवड्यात, मी विमा कंपनीच्या फॉर्मवर लिहिलं: 'दाराचे कुलूप पूर्ण बसले नसावे.'

आधी स्वतःला सांगितलं की हे बाबांसाठी आहे. खरं सांगितलं तर त्यांना घरात राहू देणार नाहीत. तेही होऊ शकतं. पण त्या फोनवर मी बाबांचा विचार करत नव्हते. मला दोन महिने माहीत होतं, एवढंच डोक्यात होतं. आणि तू स्वतःहून दुसरं कारण पुढे केलंस.

ईस्टरला तू आलास तेव्हा गॅरेजकडे फिरकलाही नाहीस. जेवताना बाबांनी तुझा हात धरून नखांकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, स्वच्छ आहेत! कामावरून काढलं की काय?" तू हसलास आणि उठून बाहेर गेलास. मी ताटं उचलली. तेव्हा सांगता आलं असतं.

एक राहिलं. ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते तुझं आहे.

त्या दिवशी त्यांनी दार दोनदा उघडलं. पहिल्यांदा सरळ रस्त्यावर. उघडलं, ओढून घेतलं, कान लावला. म्हणाले, "हे कोणी बसवलं?"

"रॉयनं."

"कोण रॉय?"

"तुमचा मुलगा."

थोडा विचार केला. "हात चांगला आहे त्याचा," म्हणाले. "हे बघ, जोर लावावाच लागत नाही. आपल्या वजनानं बसतंय." आणि मग, "थांब, परत ऐकू या."

मी थांबवलं नाही. मला बरं वाटलं होतं, त्यांना आवडलं म्हणून. तेवढ्यात वळण आलं.

विमा कंपनीला मी शुक्रवारी पत्र पाठवलं, त्याची प्रत सोबत आहे. बाबांची व्यवस्था बघणाऱ्या समाजसेविकेलाही सांगितलं आहे. त्या पुढच्या आठवड्यात येऊन ठरवतील. ऑफिसात माझ्या वरिष्ठांना उद्या सांगेन. फॉर्मवर मी इंजिनिअर म्हणून सही केली होती, त्यामुळे त्यांना कळायला हवं.

२३ तारखेची विक्री ठेवायची की नाही हे तुझं तू ठरव. कंटाळा आला असेल, पाठ दुखत असेल, लडलोमध्ये राहायचं नसेल, तर विक. पण या दारामुळे विकू नकोस. मी आतापर्यंत शेकडो दारं मोजली आहेत. हे नीट बसवलेलं होतं.

वर दोन ठिकाणी खोडलं आहे. तिथे माफीबद्दल लिहिलं होतं. ते वाक्य जमलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवायची वेळ आली तर दाखव. म्हणून पूर्ण नावानं सही करते.

लॉर्ना मार्गरेट टिडमार्श
त्या दिवशी गाडी चालवत होते ती मी