गोड्या पाण्याच्या घागरी

बोरी अरब
२ मे २००७

प्रिय वैष्णवी,

तुझं पत्र परवा पोचलं. चेहरा लालभडक झालाय, उन्हात गेलं की आग होते, फोड बसला की तिथं काळा डाग राहतो. ह्या सगळ्याला मुकुटबनचं पाणी कारण, म्हणून तू जावयांच्या मागे लागून वणीला खोली बघितलीस आणि पावसाळ्याआधी वेगळं व्हायचं म्हणतेस. आधी दोन गोष्टी ठणकावून सांगते. तुझे डाग जाणार आहेत, ही पहिली. आणि वणीची खोली पक्की करू नकोस, ही दुसरी. ती का, तेही लिहिणार आहे. पण मी पडले मेडिकलवाली, माझी सवय तुला ठाऊक आहे, आधी औषध सांगते आणि मग आजार.

तर औषध. येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं यवतमाळला ये. तिथल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावून ठेवला आहे आणि मी स्टँडवर उभी असेन. त्या बघतील, देतील ते करायचं. तोवर एवढं पाळ. तोंड दिवसातून दोनदा धू, साध्या साबणानं, आणि घासू नकोस. तोंड आहे ते, परात नव्हे. फोडाला नख लावायचं नाही. लिंबू, खायचा सोडा, शेजारणीनं सांगितलेला लेप, सगळं बंद. लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग कमी व्हायचे सोडून भाजल्यासारखे काळे पडतात. घराबाहेर पडताना ओढणी अशी बांध की नुसते डोळे दिसावेत, वेचणीला बांधायचीस तशी, कारण डाग पक्का करतं ते ऊन. बाईंनी रात्रीचं मलम दिलं तर तुरीच्या दाण्याएवढं घ्यायचं. जास्त लावलं म्हणजे लवकर बरं होतं असं नसतं. आणि दिवस गेले असतील, किंवा तसा विचार असेल, तर लाजत बसू नकोस, त्यांना आधी सांग. काही औषधं त्या दिवसांत चालत नाहीत. महिनाभर काहीच फरक दिसणार नाही, तेव्हा रडत मला फोन करायचा नाही. आज सरकी टोबली आणि उद्या बोंड फुटलं असं कुणाच्या वावरात झालंय? फोड आधी बसतील, डाग मागून फिके होतील, आणि दिवाळीच्या फोटोत मला तुझा चेहरा ओढणीशिवाय पाहिजे.

तुला आठवतं, दहावीत असताना तू सगळ्या तोंडाला टूथपेस्ट लावून माझ्या दुकानात आली होतीस? ऐन पोळ्याचा दिवस होता. तुझे बाबा म्हणाले होते, “कुंदाबाई, आमचा एक बैल सुटून तुमच्याकडं आला काय?” तू रडायला लागलीस आणि मी तुला काउंटरच्या आत घेऊन ओल्या कापसानं तुझं तोंड पुसलं. तेव्हापासून तू माझी झालीस. मला मूल नाही, हे गावाला माहीत आहे, मला त्याचं कौतुकही नाही आणि दुःखही उगाळत नाही. पण तुझं तोंड मी माझंच समजत आले.

गेल्या वर्षी माघात तुला बघायला मुकुटबनचे पाहुणे यायचे ठरले आणि तुझी आई, नंदाबाई, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. हनुवटीवर आणि गालांवर तुला नुकतेच दाणेदार फोड उठले होते. “कुंदाबाई, काही करा, पण पंधरा दिवसांत पोरीचं तोंड साफ करून द्या,” असं ती म्हणाली. कापसाला भाव नसलेल्या ह्या वर्षांत डॉक्टरची पायरी लोकांनी सोडलीच आहे, जो तो थेट माझ्या काउंटरवर येतो आणि मी बरणीतून गोळी काढावी तसा इलाज काढून देते. मी ती पांढरी ट्यूब काढली. आठवड्यात तुझं तोंड लोण्यासारखं झालं. पाहुण्यांनी पसंती दिली, गावानं माझी पाठ थोपटली, आणि त्या ट्यूबला सगळे कुंदाबाईची ट्यूब म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. लग्नानंतर तुझी आई दर महिन्याला नवी ट्यूब नेऊन वणीच्या गाडीत कंडक्टरजवळ द्यायची आणि तू ती लावत राहिलीस.

दिवाळीला माहेरी आलीस तेव्हा गाल लाल होते, कातडी पातळ झाली होती. मी हातात तुझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “पाणी मानवलं नाही तुला तिकडचं. बोरचं खारं पाणी, दुसरं काय!” माझं बोलणं म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. तुझ्या आईनं ती घरोघरी नेली आणि तू मुकुटबनला.

जानेवारीत यवतमाळला आम्हा औषधवाल्यांची एक बैठक झाली. ह्याच डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर एका बाईचा चेहरा दाखवला. वैष्णवी, तो तुझाच चेहरा होता, फक्त बाई दुसरी. तसलेच लाल गाल, तसेच फोड, तसेच डाग. मग तीच पांढरी ट्यूब दाखवून त्या म्हणाल्या, ह्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, ते फोड दाबतं, वाटतं बरं झालं, आणि महिनोन्महिने लावलं की कातडी खाऊन टाकतं. मग सोडलं की दाबलेलं सगळं दुप्पट वर येतं. चिठ्ठीशिवाय ही ट्यूब चेहऱ्याला देणारा दुकानदार असतो कसा, असं त्यांनी विचारलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या ट्यूबा फळीवरून काढल्या. तुझ्या आईला सांगितलं, कंपनीचा माल यायचा बंद झाला. वाटलं, ट्यूब थांबली म्हणजे झालं, पोरगी आपोआप बरी होईल, माझंही नाव राहील. पण तशी एकदम सोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीनं सोडवावी लागते. तुझा चेहरा पेटल्यासारखा झाला, तू एसटीडीवरून फोन करून रडलीस, आणि मी, सगळं माहीत असलेली मी, पुन्हा म्हणाले की पाण्याचंच आहे. हे चुकून झालं नाही. दिवाळीचं चुकून होतं, फोनवरचं खोटं होतं.

आता मागच्या आठवड्याचं. ह्यांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न वणीला होतं, तेवढ्यात तुला भेटावं म्हणून मी मुकुटबनला आले. तू शिवणाच्या क्लासला गेली होतीस. घरात कुणी नव्हतं, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, चांगल्या भावाची वाट बघत पडलेला. मी ओसरीवर बसले. बारा वाजले असतील, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. आणि तुझ्या सासूबाई आल्या. डोक्यावर घागर, कमरेवर दुसरी, गुडघा दुखत असल्यानं एक पाय ओढत. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला उठून उभं राहावं लागलं. म्हणाल्या, “कुंदाबाई, तुमच्या सांगन्यावरच चालून राह्यलं पाहा. दिवाळीपासून बोरचं पानी सुनेच्या तोंडाले लागू देल्लं नाही मी. नाल्यापलीकडच्या हिरीचं गोडं पानी आनतो, दोन टाइम. तिले नका सांगू हिरीवर मी जातो म्हनून, तिले वाटते गडी आनते.” मी म्हटलं, तुळसाबाई, एवढ्या उन्हात कायले? तर म्हणाल्या, “पोरगी तुमच्या घरून गोरीपान आली. तिचं तोंड आमच्या घरी खराब झालं, असं कोनी म्हनू नये न बाई.”

मग त्यांनी त्याच घागरीतलं पाणी गिलासात ओतून मला दिलं. मी प्यायले. सांगायला तोंड उघडलं आणि पर्समधून गुडघ्याला लावायचं मलम काढून दिलं. एवढंच केलं मी. पंचवीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, लोकांना हिमतीनं बोलते, आणि त्या ओसरीवरून तू यायच्या आत उठून निघाले. माझी मला शरम वाटते, वैष्णवी. तुझी माफी मागायला मला अजिबात संकोच नाही, ती मागतेच आहे. सोमवारी यवतमाळला पुन्हा मागीन, आणि डॉक्टरीणबाईंसमोर ट्यूब कुणी दिली तेही मीच सांगीन. गावातल्या ज्या सात-आठ मुलींना दिली, त्यांच्या दारात काल आणि आज जाऊन आले. दोघींच्या आयांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

पण हे पत्र तुझ्या एकटीसाठी नाही. तुळसाबाईंना वाचता येत नाही, आणि त्या दिवशी जे मी तोंडानं बोलू शकले नाही ते तुझ्या तोंडून त्यांना ऐकू जावं म्हणून मी हे लिहिलं. त्यांना शेजारी बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. विहिरीचं गुपित फोडलं म्हणून त्या माझ्यावर चिडतील, चिडू दे. पाण्याचा दोष नव्हता, त्यांच्या घराचा नव्हता, कुंदाचा होता, एवढं त्यांच्या कानावर नीट पडू दे. वाचून झालं की त्यांच्या डोक्यावरची घागर तू उतरव. आणि मग त्यांच्यासमोर, त्या बघत असताना, बोरच्या पाण्यानं तोंड धू.

तुझीच,
कुंदाकाकू