मालकीण कोण?

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. हातात पेन धरायची सवयच गेलीय, तेव्हा जमेल तसं वाच.

माझा कॉम्प्युटर हल्ली विचित्र वागतो, हे तुला सांगितलंच होतं. मी घरी बसून नकाशे काढते, सगळं काम त्याच्यावरच. आणि दुपारी मी त्यावर काय वाचलं, कुणाला काय लिहिलं, ते नवरा रात्री जेवताना सहज बोलून जातो. आवाज न चढवता, मला वाढता वाढता. तू म्हणालीस, आधी त्या यंत्राची मालकीण कोण ते बघू, आणि ती छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, पाठवलीस. ॲडमिनचे, म्हणजे यंत्रात हवं ते बदलायचे, अधिकार माझ्याकडे असले तर ‘हो गं महाराणी’, नसले तर ‘नाही गं, तू पाहुणी’. असला चावटपणा तुलाच सुचणार!

चालवली. मी पाहुणी निघाले. माझ्याच कमाईच्या यंत्रावर! इतका संताप आला! लगेच तुला मेल केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली, तर उत्तर आलं, ‘होय. आपणांस सर्व अधिकार आहेत.’ तू मला ‘आपण’ कधीपासून म्हणायला लागलीस? फाइल उघडून पाहिली. अधिकार तपासणारी ओळच गायब. कुणीही चालवा, ‘होय’ म्हणायचं, एवढंच शिल्लक. मी फाइल तशीच बंद केली. तो स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा गाळत होता, गुणगुणत.

मग तुझी मेल आली. उगाच संशय घेऊ नकोस म्हणे, असा नवरा शोधून सापडायचा नाही. माझ्या लग्नात तोंड फुगवून बसलेली तू, आणि त्याचं कौतुक करणार? तेव्हा उमगलं, माझं लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचतच नाहीये. तुझ्या नावाने मला उत्तरं तोच देतोय.

म्हणून हे कागदावर, शेजारच्या शिंपीणबाईंच्या दुकानात बसून. पोस्टात त्याच टाकतील. भीती वाटते गं, खूप. येत्या रविवारी मी तुझ्याकडे येतेय, कायमची. फोन करू नकोस, मेल करू नकोस. आणि ‘बेत रद्द, येत नाही’ असा माझा निरोप आला, तर तो माझा नाही. तू दारातच माझी वाट बघ.

तुझ्याच भरवशावर असलेली,
चष्मिष