अतुलच्या सुया

३ फेब्रुवारी
आले एकदाची सासरी, रिसालीत! हातावरची मेंदी अजून ओली वाटते. घर छान आहे, अंगणात पेरू आहे. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब, अगदी माहेरच्यासारखे, त्यामुळे परकं वाटलंच नाही. नवरा, प्रफुल, स्टील प्लांटमधून येतो तो थेट स्वयंपाकघरात डोकावतो. नवी नवलाई, दुसरं काय! सासूबाई कमी बोलतात. धाकटा दीर अतुल गेल्या वर्षी गेला. लहानपणापासून साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन लागायचं. फोटोत हसतोय. माझ्याच वयाचा होता बिचारा.

६ फेब्रुवारी
फ्रीज आवरायला घेतला नि कपाळावर हात मारला. दुधाशेजारी अतुलचं इन्सुलिन, आणि ओट्यावर लोणच्याच्या बरणीत वापरलेल्या सुया! भंडाऱ्याच्या पॅथॉलॉजीत काम केलेली बाई मी, गप्प बसते होय? सासूबाई चरोद्याला बहिणीकडे गेल्या होत्या. फिनाइलच्या जाड डब्यात सुया भरल्या, झाकणावर चिकटपट्टी लावली, वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहिलं. औषध वेगळ्या पिशवीत घातलं आणि कचरागाडीवाल्या दीदीच्या हातात दिलं. ती खूश झाली. लोक सुया ओल्या कचऱ्यात टाकतात आणि आमच्या बोटात घुसतात, म्हणाली.

सासूबाई आल्या, फ्रीज उघडला आणि तिथंच जमिनीवर बसल्या. जेवल्या नाहीत. विचारायला हवं होतं मी.

९ फेब्रुवारी
सकाळी भरलेला माठ दुपारी रिकामा. प्रफुल म्हणतो, झिरपतो. पण खालची फरशी कोरडी आहे. न्हाणीत मोरीपाशी मुंग्याच मुंग्या.

११ फेब्रुवारी
मुंग्या साखरेच्या लघवीला लागतात. आम्हा तिघांची साखर मी स्वतः तपासली, कुणालाच काही नाही. आणि आता बैठकीतल्या खुर्चीपाशी पिकल्या फळाचा वास येतो. साखर फार चढली की माणसाच्या श्वासाला येतो, तोच.
भूतखेत आपण मानत नाही. तरी भीती वाटते.

१३ फेब्रुवारी
सासूबाई आज बोलल्या. म्हणाल्या, “बावीस प्रतिज्ञा घेतल्या आमी. पिंड नाही, श्राद्ध नाही. मंग माह्या लेकराले मी देऊ काय? रोज जेवणाआधी गुपचूप त्या खुर्चीत सुई देऊन राहिली होती. तू तेच फेकलं. तो आता पुन्हा मरून राहिला, दीक्षा.”
त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी खूप रडले.

१४ फेब्रुवारी
वास घरभर. खुर्चीतून श्वास ऐकू येतो — खोल, धापा टाकत. प्रफुललाही ऐकू आला. अंगणात जाऊन तो भावासाठी हमसून हमसून रडला, आणि तसाच मेडिकलमध्ये इन्सुलिन आणायला धावला.

१५ फेब्रुवारी, दुपार
सासूबाईंनी भरलेली सुई माझ्या हातात ठेवली. तूच दे म्हणाल्या.
खुर्ची रिकामी. दिसते तरी रिकामी —
सुई हवेतच रिकामी करायची होती. मध्ये काहीतरी लागलं. मऊ. पोटासारखं —
धाप थांबली.
सुई डब्यात टाकायला गेले तर टोकाला रक्त. ताजं.
सासूबाई आतून ओरडताहेत — सुई घेतली त्यानं, आता उपाशी नको ठेवू, चक्कर येईल लेकराले, वाढ लवकर —
वाढते. संध्याकाळी पुन्हा सुई. उद्या पुन्हा. आणि सासूबाई गेल्यावर त्याला कोण —