अर्धा तास बसायची जागा

सोमवार, १ मार्च

पोचले एकदाची! मी आले, सामान आलं, छत्री मात्र गाडीतच राहिली. म्हणजे माझा प्रवास नेहमीसारखाच पार पडला. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. खिडकीतून समोरच कामाची जागा दिसते, त्यामुळे उशिरा पोचले तर सांगायला एकही कारण उरलेलं नाही.

लसीकरण केंद्र म्हटल्यावर मला वाटलं दवाखान्याचा एखादा कोपरा असेल. निघालं फर्निचरचं दुकान! साथीत धंदा बसला, मालकानं जागा सरकारला दिली आणि माल तिथेच ठेवला. पुढे काचेशी नोंदणीचं टेबल, मध्ये पडद्याआड मी आणि माझ्या सुया, आणि मागच्या भागात लस घेतल्यावर अर्धा तास बसायची जागा. तिथे सोफे, आरामखुर्च्या, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, सगळं अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणात. कोणी बसलं की चुरचुर वाजतं. एक आजोबा दंड चोळत थेट सगळ्यात महागड्या आरामखुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले की या जन्मात हिच्यात बसायला सरकारनंच आणलं. उठायलाच तयार नव्हते.

केंद्राच्या प्रमुख आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. शांत बाई, कामापुरतं बोलणाऱ्या. नोंदणीवरच्या गृहस्थांचं मी 'घड्याळ' असं बारसं करून टाकलंय, कारण बंद व्हायची वेळ झाली की समोरच्याचं आडनाव अर्धवट टाइप झालेलं असलं तरी ते कॉम्प्युटर बंद करतात.

संध्याकाळी ताईला फोन केला. ताईही नर्सच, पण तिकडे, आमच्या देशात, सरकारी दवाखान्यात. मला इथे पाठवायचा ध्यास तिचाच. तिनं पहिल्यांदा विचारलं काय, तर फ्रीजमध्ये लस किती आहे. मी म्हटलं, दोन फ्रीज इतके गच्च भरलेत की दार कमरेनं ढकलून लावावं लागतं. तिनं विषय बदलून जेवलीस का म्हणून विचारलं.

शुक्रवार, ५ मार्च

काम सोपं आहे. फारच सोपं. एका कुपीत दहा जणांची लस. एकदा तिच्या बुचात सुई घातली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. तिकडे आमचा नियम ठरलेला होता: दहा माणसं जमल्याशिवाय कुपीला हात लावायचा नाही. इथे उलटं. एकटादुकटा कोणी आला तरी लगेच कुपी फोडायची, आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही. गावात बहुतेकांच्या दोन सुया केव्हाच झाल्यात, त्यामुळे येतात ते तुरळक.

आज एक बाई आल्या. सहलीला जायचंय म्हणून तिसरी सुई हवी होती. त्यांच्यासाठी कुपी फोडली. त्यानंतर कोणीच फिरकलं नाही. संध्याकाळी उरलेली नऊ जणांची लस पिवळ्या डब्यात टाकताना माझा हात काही सुटेना. मोठ्या बाईंनी ते बघितलं. म्हणाल्या की इथल्या फ्रीजमधून तिकडे जायला रस्ता नाही. तू ती जपून ठेवलीस तरी तिकडच्या कोणाच्या दंडात जाणार नाहीये. बरोबर आहे त्यांचं. तेच तर वाईट आहे.

कुपी डब्यात पडली आणि मागच्या बाजूला चुरचुर झाली. एका खुर्चीची नाही, ओळीनं. मी पडदा सारून बघितलं तर चिटपाखरूही नव्हतं. दिवसभर काचेतून ऊन येतं, प्लॅस्टिक फुगत असणार.

रविवार, ७ मार्च

ताईशी मनसोक्त गप्पा. त्यांच्या दवाखान्यात अजून एकही कुपी आलेली नाही. जानेवारीत येणार होती, ती कुठल्याशा श्रीमंत देशाच्या राखीव साठ्यात अडकून पडलीय म्हणे. लागलीच तर असावी म्हणून ठेवलेली. ताई म्हणाली, शहाणे, येताना पदरात बांधून आण दोन-चार. मी हसले. ती आता एकच मास्क आठवडाभर वापरते, हे तिनं हसण्याच्या नादात सांगून टाकलं.

मला तिची फार काळजी वाटते. आई गेल्यावर माझी वेणी तिनंच घातली, माझी फी तिनंच भरली. मला दुसरं कोणी नाही.

बुधवार, १० मार्च

ऊन-बिन काही नाही.

आज सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. एका माणसासाठी कुपी फोडली, संध्याकाळी उरलेली टाकली. चुरचुर झाली. या वेळी मी आधीच पडद्याशी उभी होते. लांब सोफ्याची गादी खाली दबली. मग तिच्या शेजारची. मग आरामखुर्ची जराशी मागे कलली, कोणी पाठ टेकावी तशी. घड्याळराव जेवणाचा डबा पिशवीत भरत होते. मी त्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले की स्पंज स्वस्तातला आहे, आणि वेळ झाली.

सोमवार, १५ मार्च

आज मागच्या खुर्च्यांवर माणसं दिसली.

सगळ्यांची डावी बाही खांद्यापर्यंत वर केलेली. दंडावर कापूस नाही, काही नाही. नुसती बसून होती. बोलत नव्हती, माझ्याकडे रागानंही बघत नव्हती. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तशी बसली होती. सोफ्याच्या टोकाला एक बाई होत्या, कपाळावर पांढऱ्या केसांची बट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या मला बघून अंग चोरून सरकल्या. कोणासाठी जागा केली, कोणास ठाऊक.

मी धावत मोठ्या बाईंकडे गेले. त्यांचं टेबल भिंतीकडे तोंड करून लावलेलं आहे, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. पाठ पूर्ण त्या खुर्च्यांकडे. मी काय बोलत होते ते मला कळत नव्हतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं की मागे बघायचं नाही. डबासुद्धा इकडे तोंड करून खायचा. होते सवय.

म्हणजे त्यांनाही दिसतं.

सोमवार, २२ मार्च

ताई फोनवर रडत होती. ताई रडत नाही. त्यांच्या वॉर्डातल्या स्वयंपाकीणबाई गेल्या. गेल्या बुधवारी ताप आला आणि आज संपलं. ताईनं फोटो पाठवला, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सगळ्याजणी हसतायत. मधे त्या. कपाळावर पांढरी बट. चष्म्याच्या काडीला दोरा.

गेल्या सोमवारी त्या इथे बसल्या होत्या. तेव्हा त्या तिकडे धडधाकट होत्या. पोळ्या लाटत होत्या.

मी ताईला काय सांगू? आपण इथे जी लस टाकतो ती ज्यांच्या वाटची असते ते इथे येऊन बसतात, आणि मग तिकडे मरतात, असं सांगू?

गुरुवार, २५ मार्च

मी ठरवलं. दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडणार नाही.

काल एक गृहस्थ तणतणत परत गेले. आज त्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि खालच्या चांभारकाकांना गोळा करून दहा पुरे केले. कुपी झाडून रिकामी झाली. संध्याकाळी मी सगळ्या खुर्च्यांवरून हात फिरवला. एकही गादी दबली नाही. घरी येऊन पहिल्यांदा पोटभर जेवले.

मंगळवार, ३० मार्च

तक्रार गेली. मोठ्या बाईंना वरून फोन आला. त्यांनी मला बसवून समजावलं, ओरडल्या नाहीत. आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा हुकूम आहे. आणि दुसरं म्हणजे नव्या प्रकारचा ताप शेजारच्या गावापर्यंत आलाय, तेव्हा कर्मचाऱ्यांनी शनिवारपर्यंत तिसरी सुई घ्यायची, नाहीतर कामावर यायचं नाही.

मी म्हटलं, घेईन, पण नऊ जण आले की त्यांच्याबरोबर. त्या म्हणाल्या, बघ बाई.

शुक्रवार, २ एप्रिल

कोणी येत नाही. तापाला घाबरून लोक घराबाहेरच पडत नाहीत. चांभारकाका म्हणाले, माझे दंड दोनच आहेत पोरी.

चांभारकाकांच्या दुकानाशेजारी राहणाऱ्या मुलीला आज रुग्णवाहिकेतून नेलं. माझ्याच वयाची. मी तिच्याशी जिन्यात बोलले होते. दुपारपासून माझा घसा खवखवतोय की मलाच तसं वाटतंय, कळत नाही. सारखी कपाळाला हात लावून बघते. मला मरायचं नाही. इतक्या लांब, एकटीला, तर मुळीच नाही.

शनिवार, ३ एप्रिल

घेतली.

दुपारपर्यंत वाट बघितली. कोणी आलं नाही. मी कुपी फोडली आणि मोठ्या बाईंनी मला सुई टोचली. माझ्या एकटीसाठी. जीव भांड्यात पडला, हे खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी उरलेली टाकली. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. चुरचुर झाली. मी भिंतीकडे बघत राहिले. मग शेवटच्या खुर्चीवरून खोकला आला. कोरडा, दोन ठसके, मग घसा खाकरणं. तो खोकला मी लहानपणापासून ऐकलाय. पहाटे डबे भरताना, माझ्या परीक्षेच्या वेळी शेजारी बसून, पलीकडच्या खाटेवरून —

मी बघितलं. ताई होती.

गणवेशात. बाही वर. दंडावर काही नाही.

शनिवारीच, नंतर

फोन केला. तिनं उचलला! तिकडे ताई ठणठणीत आहे. भांडी घासतेय. म्हणाली की एवढी का घाबरलीस, भूत बघितलंस काय. ती म्हणाली, जरा घसा धरलाय, बाकी काही नाही.

घसा धरलाय.

मी म्हटलं, कामावर जाऊ नको. ती म्हणाली, मग कोण जाणार?

मंगळवार, ६ एप्रिल

ताईला ताप. तरी वॉर्डातच आहे, आता खाटेवर.

रविवारी केंद्र बंद होतं, मी काचेला नाक लावून उभी राहिले. ती तिथेच होती. काल होती. आज आहे. मी हाक मारते, ती ऐकते, पण बोलत नाही. मोठ्या बाईंच्या पाया पडले. म्हटलं, निदान एक कुपी पाठवू, विमानानं, कशीही. त्या म्हणाल्या की त्यांनी पहिल्या वर्षी वरच्यांना पत्रं लिहिली, कितीतरी लिहिली. मग टेबल फिरवलं. त्या रडत होत्या. भिंतीकडे बघूनच.

गुरुवार, ८ एप्रिल

ताई फोन उचलत नाही. वॉर्डातून सांगतात की ऑक्सिजन लावलाय.

रस्ता नाही म्हणतात. पण ते इथे येतात ना? ते येतात तो रस्ता आहेच की. मग इथूनच —

उद्या सकाळी. बाई यायच्या आत. किल्ली माझ्याकडे आहे.

शुक्रवार, ९ एप्रिल

आतून कडी लावलीय. दर कुपी फ्रीजमधून काढली की थोडं थांबावं लागतं, तेवढ्यात लिहितेय.

पहिली सुई भरून थेट ताईकडे गेले. तिनं दंड मागे घेतला. मी धरायला गेले तर हातात गार हवा. ती मानेनं नाही म्हणाली आणि हनुवटीनं ओळीचं पहिलं टोक दाखवलं.

तिच्या आधी आलेले.

सगळे आहेत. मार्चपासूनचे. स्वयंपाकीणबाई सगळ्यात पुढे. मी म्हटलं, ताई, त्या गेल्या गं, त्यांना आता काय उपयोग, तुझा श्वास चाललाय. ती तशीच बघत राहिली, मी रांगेत घुसले की बघायची तशी. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

स्वयंपाकीणबाईंना टोचली. सुई आत गेली. खरंच गेली. गादीवर एक थेंब सांडला नाही. त्यांनी बाही खाली केली, उठल्या, आणि काचेतून बाहेर —

गेल्या. खुर्ची रिकामी.

चालतंय. चालतंय!

*

दोन कुप्या संपल्या. दारावर मोठ्या बाई. हाका मारतायत. मी उघडत नाही.

*

काचेबाहेर पण आहेत. रस्त्यावर. चांभारकाकांच्या दुकानापासून वळणापर्यंत बाह्या वर. कोणी ढकलत नाही. रिकामी झालेली खुर्ची लगेच चुरचुरते.

पण ते ताईच्या नंतरचे. ताईच्या आधी फक्त हा सोफा, मग त्या तीन खुर्च्या, मग ताई.

*

बाई काच फोडतायत. घड्याळ पण आलेत. मी दाराला टेबल लावलंय.

ताई मघापेक्षा पुसट दिसते. तिच्या मागच्या खुर्चीचं लेबल दिसतंय, तिच्यातून. भराभर कर. ताई, बघ, करतेय मी, नियमानं करतेय —

*

फोन वाजतोय. ताईचा नंबर नाही. वॉर्डाचा आहे.

ताई मानेनंच म्हणते, राहू दे. आधी हातातलं काम.

नाही उचलत. नाही उचलला तर अजून काही झालेलं नाही. हा दंड. मग त्या म्हाताऱ्या बाबांचा. मग ताई, मग फक्त ताई, बाही तशीच धर, एकच खुर्ची राहिलीय, एक