लाल पट्टीचा फ्लास्क

सोमवार, ३ तारीख

आज मॅडमनी कमाल केली! मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात फ्लास्क घासत होते, त्यांचा तास चालू होता. एका मुलीने खोचून विचारलं — "पहिला जीव कुठून आला ते सांगता येत नाही, मग उत्क्रांती कसली शिकवता?" वाटलं, आता फाडून खातील. छे! म्हणाल्या, "पहिला जीव कसा झाला, मला माहीत नाही. अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. पण जीव बदलत गेले, ते मी दाखवू शकते. प्रश्न दोन आहेत."

एवढी शिकलेली बाई, भरल्या वर्गात "माहीत नाही" म्हणते! मी चौथीत शाळा सोडली, तरी हे शब्द कधी तोंडातून काढले नाहीत.

मंगळवार, ४

नवऱ्याला सांगितलं. म्हणे, "माकडाचा माणूस झाला म्हणतात ना तुझ्या मॅडम? तुझ्या भावाकडे बघून पटतं." म्हटलं, "तुमच्याकडे बघून वाटतं, काम अर्धवटच राहिलं."

बुधवार, ५

राहवेना. मॅडमना गाठलंच. "दोन प्रश्न कसे? आधी आलंच नाही तर बदलेल काय, कपाळ?"

हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "बरोबर अडवलंत ताई. एकाशिवाय दुसरं नाही. पण पहिल्याचं उत्तर नसलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. आणि मधली रेघ नेमकी कुठे ओढायची, यावर आमच्यातही भांडणं आहेत."

मग लाल पट्टीचा फ्लास्क दाखवला. अकरा वर्षं रोज आदल्या दिवशीच्या फ्लास्कमधला एक थेंब ताज्या पाण्यात टाकतात. साधं पाणी नव्हे, जंतूंचं खाणं. जंतू वाढतात, पाणी गढूळ होतं. दुसऱ्या दिवशी परत थेंब. पिढ्यान्‌पिढ्या! आता ते पहिल्यासारखे राहिलेच नाहीत म्हणे.

"पहिले कुठले?"

"एका डबक्यातले. त्याच्या आधीचं ठाऊक नाही."

अकरा वर्षं एक थेंब न चुकता. मला दुधाचं भांडं दोन मिनिटं सांभाळता येत नाही.

शुक्रवार, ७

मेले! मॅडम सोमवारपर्यंत परगावी. लाल पट्टीवाला थंड कपाटात ठेवून गेल्या, थंडीत जंतू थांबून राहतात म्हणे. मी कपाट पुसायला सगळं बाहेर काढलं आणि घाईघाईत तोही घासला. सात पाण्यांनी! पट्टी तळहाताखाली राहिली. उपडा घालताना दिसली. अकरा वर्षं गटारात.

मग डोकं चालवलं. सुरुवात कुठून झाली हा प्रश्नच वेगळा ना? मग झालं तर! फ्लास्कमध्ये ताजं खाणं भरलं, बेसिनच्या जाळीखालचा एक थेंब टाकला, उबेत ठेवला.

शनिवार, ८

गढूळ झालंय. हुबेहूब. कपाटात ठेवलं, पट्टी पुढे करून.

सोमवार, १०

मॅडम आल्या. थेंब घेऊन मायक्रोस्कोपात पाहिला. फार वेळ पाहिला. मग सहायकाला म्हणाल्या, "काहीतरी गडबड आहे, मी बघते." माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

गाढव मी! पहिला जीव त्यांना ठाऊक नाही, कबूल. पण आजचे जंतू कालच्या कुणापासून झाले, हे अकरा वर्षं रोज ठाऊक होतं. तीच तर सगळी कमाई. मी ती साखळी तोडली, वर खोटी कडी जोडली.

मंगळवार, ११

कपाटात आज दोन फ्लास्क. लाल पट्टीवाल्यात जुनेच जंतू — तीन महिन्यांपूर्वी फ्रीजरमध्ये राखून ठेवलेल्या नळीतले. सहायक सांगत होता, तीन महिने मागे गेलो. तीनच महिने! देव पावला.

दुसऱ्या फ्लास्कमध्ये माझे बेसिनचे जंतू. फेकले नाहीत! त्यावर निळी पट्टी, मॅडमचं अक्षर — "उगम : माहीत नाही." खाली एक ओळ कोरी सोडलेली.

ती ओळ माझ्यासाठीच होती.

बुधवार, १२

सांगितलं. सगळं.

मॅडमनी नुसतं पेन पुढे केलं. कोऱ्या ओळीवर मी लिहिलं — बेसिन. शुक्रवार. टाकणारी मी.

म्हणाल्या, "आता थेंब टाका ताई. याची पुढची अकरा वर्षं तुमच्याकडे."