याकूबची पहिली बायको

हमरिया, मस्कत

हमझाभाई, धाकट्या जहूरचा सलाम. तुमचा गुडघा, भाबींचं ब्लडप्रेशर आणि दारातला फणस हे तिघंही ठीक असतील, अशी उमेद आहे. इथे आम्ही खुशाल आहोत. अम्मीची तब्येत तर इतकी सुधारली आहे की आता आमची बिघडेल.

त्याचं असं झालं. इथून जवळच्या बरका गावातल्या कारखान्यातला एक चेक इंजिनियर नोकरी संपवून मायदेशी जायच्या तयारीला लागला आणि त्याने घरचं सामान माझ्या जुन्या फर्निचरच्या दुकानात विकलं. सोफ्याबरोबर एक खोका फुकट आला. (फुकट म्हटल्यावर घेताना मी उघडूनही पाहिला नाही, तुम्ही मला ओळखता.) आत डीव्हीडींवर निघाले त्यांच्या देशाचे विनोदी पिक्चर, काळ्यापांढऱ्या जमान्यापासून आत्तापर्यंतचे, सालाप्रमाणे लावलेले आणि सगळे चेक भाषेत. खाली इंग्रजीची एक ओळ नाही. अब्बा गेल्यापासून अम्मी भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणून तर मी तिला इथे आणलं. पहिल्याच पिक्चरमध्ये एक मिशीवाला टोपीसकट धुण्याच्या टबात पडला आणि अम्मी हसली. भाई, मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. बाहेर आलो तर तिने विचारलं, “तो काय बोलतो रे?” आता तिला पुन्हा भिंतीकडे कोण वळू देणार? इंजिनियरने मला चेक शिकवली आहे, असं मी ठोकून दिलं.

तिथेच फसलो. अम्मीच्या मते हे सगळे पिक्चर म्हणजे एकाच माणसाची लांबलचक सीरियल. (दर दहा वर्षांनी नट बदलतो, पण मिशी असली की तिच्या लेखी तो तोच.) तिने त्याचं नाव याकूब ठेवलं. काळ्यापांढऱ्यात याकूबचं लग्न झालं. रंगीत झाला तर बायको दुसरीच! अम्मीने हातातलं ताट खाली ठेवलं. “पयली खय गेली?” मी घाबरून म्हणालो, माहेरी. तेव्हापासून ती बिचारी चाळीस वर्षं माहेरीच आहे. वरच्या मजल्यावरची सफूरा रोज संध्याकाळी तिची चौकशी करायला येते. माझी बायको हाफिजा तर माझ्याशीच धड बोलत नाही, जणू मीच याकूब.

परवा तो इंजिनियर निरोप घ्यायला आला. अम्मीने त्याला त्याच्याच सोफ्यावर बसवलं, पुढ्यात सांदणं ठेवली आणि माझ्यामार्फत जाब विचारला की तुमच्यात बायकोला असं टाकतात का? मी त्याला सगळा प्रकार इंग्रजीत सांगितला. (अम्मीला इंग्रजी आणि चेक सारखीच.) तो पोट धरून हसला, मग छातीवर हात ठेवून अम्मीशी चेकमध्ये बराच वेळ काहीतरी बोलला. मी तर्जुमा केला की ती परत येईल, इन्शाल्ला.

खलास! अम्मीचा व्हिसा संपत आलाय आणि ती म्हणते, पहिली घरी आल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. पण काळजी नसावी. मी तिची समजूत घातली आहे आणि गुरुवारी ती तुमच्याकडे पोचेल.

तुमचा,
जहूर

ता. क. समजूत अशी घातली की माझी चेक कच्ची आहे, पण भाई एवढी वर्षं आगबोटीवर होते, त्यांची पक्की आहे. शेवटचा पिक्चर तेच सांगतील. (चेक देशाला समुद्र नाही हे तिला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.) इंडियातल्या प्लेयरवर या डीव्हीडी चालत नाहीत, म्हणून प्लेयरही पाठवतोय.

आणखी एक. अम्मीने पहिलीसाठी इथल्या रुवीच्या बाजारातून अत्तराची बाटली घेतली आहे. भाबींना हात लावू देऊ नका.

शेवटचं. तो पिक्चर मी चोरून पाहिला. त्यात बाईमाणूस एकही नाही. म्हातारा याकूब आणि एक बकरी, एवढंच. काहीही सांगा, पण पहिलीला परत आणा. आणि अम्मीची खुर्ची भिंतीपासून लांब ठेवा.