हिरवी ओळ

प्रिय सर्वेश,

'प्रिय' बोटांच्या सवयीने टाइप झालं आणि मी पुसलं नाही, एवढंच. त्यावर जाऊ नकोस. मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे आणि पत्र संपेपर्यंत राग उतरेल अशी चिन्हं नाहीत. सतरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस. वेबसाइट बनवणारी तुझी कंपनी आता माजिवड्याला आहे हे मला कळलं ते तिनेच बनवलेल्या एका वेब पानाच्या तळाशी. त्या पानावर बाकी काय धड वाचलं गेलं नाही ते सांगतेच, पण तुझं आणि तुझ्या कंपनीचं नाव मात्र माझ्या कॉम्प्युटरने अगदी स्वच्छ वाचलं.

कल्याणच्या एका शिक्षण संस्थेत इतिहासाच्या शिक्षिकांची भरती होती. गेली अकरा वर्षं मी नौपाड्यातल्या क्लासमध्ये तासावर शिकवते. कायमच्या नोकरीसाठी ही माझी तिसरी खेप, आणि शेवटची, कारण त्यांची वयाची अट अडतीस आहे आणि ऑगस्टमध्ये मी अडतीस पूर्ण करते. पेपर छान गेला. मुलाखतीत एका वयस्क सरांनी विचारलं, फळ्यावर कशा लिहाल? मी म्हटलं, फळ्यावर मुलं लिहितील, मी शिकवीन. सर हसले. घरी येऊन आईला सांगितलं, या वेळी होणार गो. असं मी आधी कधी बोलले नव्हते.

सोमवारी यादी लागली. मी हेडफोन लावले आणि तक्ता ऐकायला घेतला. बाणाचं बटण दाबत एकेका चौकटीतून पुढे जायचं आणि स्क्रीन रीडरचा आवाज प्रत्येक चौकटीत काय लिहिलंय ते सांगतो, हे तुला नव्याने सांगायला नको. तो म्हणाला, 'सत्तेचाळीस. वर्षाली भिवाजी कोळी. इतिहास. एकशे बेचाळीस. रिकामं.' गेल्या वर्षीची यादी दिसायला भिकार असेल, पण शेवटच्या रकान्यात 'निवड' किंवा 'नाही' असा शब्द होता. या वर्षी काही जणींपुढे 'कागदपत्रे अपुरी' आणि माझ्यापुढे रिकामं. तक्त्याच्या वर काहीतरी होतं, त्याला आवाज नुसतं 'चित्र' म्हणाला. पानभर 'निवड' शब्द शोधला, तो फक्त मथळ्यात सापडला. संस्थेत फोन लावला. पलीकडचा म्हणाला, 'सगळं साइटवर टाकलंय मॅडम, एका नजरेत कळेल.' मला दिसत नाही म्हटल्यावर 'मग घरच्यांना दाखवा ना' म्हणून त्याने फोन ठेवला.

का नाही दाखवलंस, असं तू विचारशील. कारण ती यादी माझी होती. स्वतःचा निकाल स्वतः वाचायला मी बारा-पंधरा वर्षं शिकले आहे. आणि रिकामी चौकट काय दाखवायची कुणाला? दोन वर्षं 'नाही' ऐकलं होतं, या वर्षी त्यांनी तेवढाही शब्द खर्च केला नाही, असं मी धरून चालले. गुरुवारी कल्याणला निवड झालेल्यांच्या कागदपत्रांची पडताळणी होती, तेव्हा मी चेंदणीला घरी बसून आईबरोबर जवळा साफ करत होते.

पुढच्या सोमवारी क्लासमध्ये आसावरी पेढे घेऊन आली. ती माझ्यासोबत शिकवते, तिनेही अर्ज केलेला. 'अगं, कोणीतरी आलीच नाही पडताळणीला, म्हणून माझा नंबर लागला. वेटिंगला पहिली होते ना मी!' मला खरंच आनंद झाला. मग यादी वाचून दाखवायला तिने मोबाइल उघडला आणि माझं नाव शोधलं. म्हणाली, 'वर्षाली, तुझी ओळ हिरवी आहे गं.'

हिरवी म्हणजे निवड. पिवळी म्हणजे प्रतीक्षा. पांढरी म्हणजे नाही. हे सगळं वरच्या त्या चित्रात लिहिलेलं होतं. शब्दाने कुठेच नाही. आईला अक्षर येत नाही, पण हिरवा रंग तिला कळला असता, या विचाराने माझ्या अंगाची आग होते. तिने तर आधी मलाच विचारलं, 'तू नीट आयकलंस ना गो?' नीटच ऐकलं होतं मी. तुझं पान म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. बहुतेकांना माहीत नसतं. तुला माहीत होतं, सर्वेश! कॉलेजात असताना तलावपाळीच्या कट्ट्यावर तू मला अर्थशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवायचास ते आठव. पहिल्या दिवशी तू आधी सगळे जिल्हे वाचलेस, मग सगळे आकडे धडाधड, आणि मी पुस्तक हिसकावून घेतलं होतं. कुठला आकडा कुणाचा ते मी काय स्वप्नात बघू? दुसऱ्या दिवसापासून तू प्रत्येक आकड्याआधी जिल्हा आणि वर्ष म्हणायला लागलास. साठ आकडे असले तर साठ वेळा, घसा कोरडा पडेपर्यंत. नकाशा आला की सांगायचास, रायगड गडद हिरव्यात आहे, म्हणजे इथे पाऊस जास्त. मी न विचारता रंग सांगणारा तू एकटाच होतास. तेवढ्यासाठीच मी तुझ्या प्रेमात पडले होते. आता सांगायला काय जातंय?

मग तुला नोकरी लागली. तू तुझा जुना कॉम्प्युटर आमच्या घरी आणलास, त्यात स्क्रीन रीडर घातलास, दोन रविवार बसून मला शिकवलंस आणि म्हणालास, 'आता तुला कुणाची गरज नाही.' मला ते कौतुक वाटलं. तो निरोप होता हे समजायला मला तीन महिने लागले. तरी मी मनात धरलं नाही, खोटं कशाला बोलू, धरलं, पण तुझा शब्द खरा करायचा म्हणून जिवापाड शिकले. त्याच आवाजाच्या भरवशावर मी तुझ्या तक्त्यात शिरले.

मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली आहे. आसावरीची जागा मागितलेली नाही. चूक संस्थेची, तेव्हा जागा त्यांनी वाढवावी. जिची नोकरी यात डळमळू शकते त्या आसावरीने घडलेलं सगळं लिहून सही करून दिलंय. संस्थेचं उत्तर परवा आलं. उमेदवाराने निष्काळजीपणा केला म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी! सोबत एक प्रमाणपत्र जोडलंय: 'हे संकेतस्थळ अंध व्यक्तींना स्क्रीन रीडरद्वारे पूर्णपणे वापरता येते. प्रत्यक्ष चाचणी घेतलेली आहे.' खाली तुझी सही. ते मी तीनदा ऐकलं. कुणावर चाचणी घेतलीस रे? ठाण्यात तुला ओळखणारी एक आंधळी मुलगी होती, तिला फोन करायला किती वेळ लागला असता?

सुनावणी अठरा तारखेला आहे आणि तुला नोटीस येईल, कारण तुझं नाव मी दिलंय. ते तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तोवर तू लेखी कबूल केलंस की चाचणी झालीच नव्हती, तर संस्थेकडे बोलायला काही उरत नाही आणि ऑगस्टच्या आत माझं काम होऊ शकतं. तुझी कंपनी अडचणीत येईल, हे मला कळतं. येऊ दे. आणि तू प्रमाणपत्रावर ठाम राहिलास, तर मी माझा लॅपटॉप घेऊन येणार आहे. तसा अर्ज दिलाय आणि तो मंजूरही झालाय. स्क्रीन बंद करून, हेडफोन लावून, तुझा तक्ता तुलाच ऐकायचा आहे, सगळ्यांसमोर. आयुक्त प्रश्न एकच विचारणार आहेत: वर्षाली कोळीची निवड झाली की नाही?

कधीकाळची तुझीच,
वर्षाली